वाहतुकीत फुटलेला माल परत आला तर: ऑनलाइन विक्रेत्याने भरपाईचा दावा कसा करावा

ऑनलाइन विकलेला माल वाटेत फुटला, चेपला किंवा भिजला की विक्रेत्यापुढे एकाच वेळी दोन प्रकरणे उभी राहतात. एक ग्राहकाचे, ज्यात पैसे परत करायचे असतात किंवा बदली माल पाठवायचा असतो. आणि दुसरे विक्रेत्याचे स्वतःचे, ज्यात झालेले नुकसान कुरिअर कंपनीकडून, विमा कंपनीकडून किंवा विक्री ज्या मंचावरून (ऑनलाइन बाजारपेठेच्या संकेतस्थळावरून) झाली त्याच्याकडून वसूल करायचे असते. दुसऱ्याचा निकाल लागेपर्यंत पहिले अडवून ठेवणे योग्य नाही. "कुरिअरवाल्यांचे उत्तर आले की पैसे देतो" असे ग्राहकाला सांगण्याची पद्धत सर्रास असली तरी तिला कायद्याचा आधार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार, माल सदोष असेल किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसेल तर मंचावरील विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा घेतलेले पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावरून स्वतःचा माल विकणाऱ्यांवरही असेच बंधन आहे. विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो; त्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे. एखाद्याने वैयक्तिक स्वरूपात घरातली जुनी वस्तू विकली तर हे नियम लागू होत नाहीत. मात्र नियमित व्यवसाय म्हणून घरून लोणची-सरबते विकणारा छोटा विक्रेताही त्यांच्या कक्षेत येतो.

दावा कोणाकडे करायचा

पार्सलचे बुकिंग कोणी केले, यावर हे ठरते. मंचाने स्वतःच्या व्यवस्थेतून पार्सल उचलले असेल तर वाहतूकदाराशी करार मंचाचा असतो, त्यामुळे दावाही मंचाच्या विक्रेता पॅनेलवरूनच करावा लागतो. अ‍ॅमेझॉनवर त्याला सेफ-टी क्लेम म्हणतात, तर फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड) क्लेम. अशा दाव्याची मुदत मंच ठरवतो आणि ती बरीच कमी असते, म्हणून परत आलेले पार्सल त्याच दिवशी उघडून तपासण्याची शिस्त ठेवावी. विक्रेत्याने स्वतः कुरिअर बुक केले असेल तर दावा थेट कुरिअर कंपनीकडे करायचा, आणि येथे रस्ते वाहतूक कायदा, 2007 (कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट) उपयोगी पडतो. या कायद्यातील वाहतूकदाराच्या व्याख्येत घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर संस्थाही येतात, सरकार मात्र येत नाही. त्यामुळे टपाल खात्याने पाठवलेल्या पार्सलला टपालाचेच नियम लागू होतात.

या कायद्यातील दोन तरतुदी प्रत्येक विक्रेत्याने नीट समजून घ्याव्यात, कारण दावा खरा असूनही पदरात काही न पडण्याचे कारण त्यांच्यातच असू शकते. कलम 16 नुसार, माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस दिलेली नसेल तर पुढे न्यायालयात दावा लावता येत नाही. ही मुदत नुकसान लक्षात आल्याच्या दिवसापासून मोजली जात नाही, आणि ग्राहक सेवा क्रमांकावर केलेला फोन म्हणजे नोटीस नव्हे. वाहतूकदाराच्या नोंदणीकृत ईमेल पत्त्यावर आणि शिवाय टपालाने, पार्सलचा क्रमांक, बुकिंगची तारीख, नुकसानीचे वर्णन आणि मागितलेली रक्कम लिहून पत्र पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.

दुसरी तरतूद रकमेची आहे. माल पाठवणाऱ्याने बुकिंगच्या वेळी जास्त जोखमीचा दर (वाहतूकदाराने मोठी जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचे वाढीव भाडे) भरण्याचे लेखी मान्य केलेले नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते, आणि तीही घोषित किमतीपेक्षा जास्त नसते. समजा, कुडाळहून कोकम आगळाच्या बाटल्यांचा 1,800 रुपयांचा खोका 90 रुपये भाड्याने पाठवला, तर सगळ्या बाटल्या फुटल्या तरी मर्यादा 900 रुपयांचीच. महाग किंवा नाजूक माल पाठवणाऱ्याने म्हणूनच जास्त जोखमीचा दर किंवा ट्रान्झिट विमा (वाहतुकीतल्या नुकसानीचा विमा) घेतलेला बरा. विमा असला तरी वाहतूकदाराला नोटीस द्यावीच लागते, कारण भरपाई दिल्यावर वसुलीचा हक्क विमा कंपनीकडे जातो आणि तो विक्रेत्याच्या हलगर्जीपणामुळे बुडाला तर कंपनी दावा अडवू शकते.

कागदपत्रे

दाव्याला विक्रीचे बीजक, बुकिंगची पावती, माल पोहोचल्याचा दाखला, ग्राहकाची लेखी तक्रार आणि परतावा दिल्याचा बँकेचा पुरावा जोडावा. खरी कसोटी लागते ती छायाचित्रांची. नुसत्या फुटलेल्या बाटलीच्या फोटोवरून ती नेमकी कोणत्या पार्सलमधली हे सिद्ध होत नाही. म्हणून टेप कापण्याआधी खोक्याच्या सहाही बाजू आणि लेबलवरचा क्रमांक वाचता येईल असा फोटो घ्यावा, आगळ झिरपून काळपट-लाल झालेला पुठ्ठ्याचा कोपरा जवळून टिपावा, आणि तिथून आतले बबल रॅप, कप्पे व मान तुटलेली बाटली दिसेपर्यंत व्हिडिओ मध्ये न थांबवता चालू ठेवावा. याच्याच जोडीला पाठवतेवेळचा पॅकिंगचा आणि वजनकाट्यावरचा फोटो हवा, कारण "पॅकिंग अपुरे होते" हे वाहतूकदाराचे ठरलेले उत्तर असते आणि त्याला हाच पुरावा पुरतो. खोका चेपलेला दिसल्यास तो स्वीकारताना पोचपावतीवर तसा शेरा लिहावा. हीच सूचना ग्राहकालाही पार्सलसोबतच्या चिठ्ठीत द्यावी.

जीएसटीची नोंद

नोंदणीकृत विक्रेत्याने परत आलेल्या मालासाठी जीएसटी कायद्याच्या कलम 34 नुसार क्रेडिट नोट (बीजकाची रक्कम कमी करणारा दस्तऐवज) काढावी आणि आपले करदायित्व कमी करून घ्यावे. त्यासाठी पुढील आर्थिक वर्षातील 30 नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांपैकी जी आधी येईल ती अंतिम मुदत आहे. फुटलेला माल नष्ट केला किंवा हिशेबातून काढून टाकला, तर त्याच्या खरेदीवर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवेळी भरलेल्या कराची वजावट) कलम 17(5)(h) नुसार परत करावे लागते, आणि भरपाईची रक्कम ठरवताना हा खर्च विसरला जातो. खाद्यपदार्थांच्या बाबतीत त्याच खोक्यातल्या शाबूत दिसणाऱ्या बाटल्यांच्या झाकणांखालीही काचेची कणी गेलेली असू शकते, त्यामुळे त्या पुन्हा विक्रीला न ठेवता दावा निकाली निघाल्यानंतरच नष्ट कराव्यात आणि, तारखेसह फोटो काढून, तशी नोंद साठ्याच्या वहीत करावी.