काइटबोर्डिंग शिकायला गोव्यातल्या मोरजीला येताय?

फोनवर बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो: "दोन तासांत बोर्डवर उभं राहता येईल ना?" नाही येणार. काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून सरकत जाणं. पहिल्या दोन तासांत आम्ही बोर्ड शेडमधून बाहेरसुद्धा काढत नाही. इथे आल्यावर हिरमोड होण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

आमचा पहिला कोर्स १० तासांचा, तीन-चार दुपारींत वाटलेला. पहिली दुपार वाळूवर जाते, हातात दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा काइट घेऊन. डोक्यावरचा बिंदू म्हणजे घड्याळातले १२ असं धरायचं आणि १० ते २ यांच्या मध्ये काइट संथ झुलवत ठेवायचा, तोही त्याच्याकडे टक लावून न बघता. डोक्यावर असताना त्याची ओढ थोडी असते. तोच वाऱ्याला पाठ करून उभ्या असलेल्या तुमच्यासमोर सुसाट खाली आला, की माणसाला फरपटत नेतो.

घाबरलात तर बार सोडा

बार म्हणजे काइटच्या दोऱ्या जोडलेली हातातली दांडी. या खेळात बार जवळ ओढला की जोर वाढतो, लांब सोडला की कमी होतो. आणि घाबरलेला माणूस नेमका बार छातीशी कवटाळतो. एकदा पुण्याहून काका-पुतणे आले होते. पुतण्या जिमवाला, त्याने बार घट्ट धरला आणि तीन वेळा तोंडावर पडला. काकांनी लहानपणी संक्रांतीला पेच लढवलेले. काइटने हिसका दिल्याबरोबर त्यांनी आपसूक ढील दिली. काका आधी शिकले. बार सोडला तरी काइट तुमच्या कमरेच्या हार्नेसला, म्हणजे रुंद पट्ट्याला, अडकलेला असतो, तो उडून जात नाही. तेवढ्याने भागलं नाही तर समोरचा क्विक रिलीज, म्हणजे काइट झटकन सोडवायची कळ, ढकलायचा. मग काइट फक्त सुरक्षा दोरीवर राहतो आणि निपचित पडतो. तो रिलीज डोळे मिटून सापडेपर्यंत आम्ही पाण्यात उतरवत नाही.

दुसऱ्या दुपारीही बोर्ड नाहीच. पोटावर पडून काइटच्या ओढीने पाणी कापत जायचं, याला बॉडी ड्रॅग म्हणतात. नाकातोंडात पाणी जातं, कंटाळा येतो. पण पुढे बोर्ड पायातून निसटून वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहिला, की तो परत गाठायला हीच विद्या कामाला येते. बोर्ड येतो तो त्यानंतर. सुरुवातीला तुम्ही वाऱ्याबरोबर खाली वाहत जाल आणि बोर्ड काखेत मारून किनाऱ्याने चालत परत याल. प्रत्येकजण चालतो.

वारा

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आठवतात? दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत इथे तो साधारण एक वाजता धरतो आणि सूर्यास्तापर्यंत टिकतो. दिशा वायव्य. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर तो उजव्या गालाला लागतो, म्हणजे तिरका किनाऱ्याकडे येतो. शिकायला हाच उत्तम, कारण काही बिनसलं तरी तो तुम्हाला वाळूकडेच आणतो. पहाटेचे मतलई वारे शिडाच्या होड्यांना सोयीचे. आपल्याला ते सरळ समुद्रात नेतील. तेव्हा सकाळचा क्लास मागू नका.

नवशिक्याला १२ ते १८ नॉट पुरे, म्हणजे ताशी २२ ते ३३ किलोमीटर. पाण्यावर इथेतिथे पांढरा फेस दिसू लागला की समजा, १२ च्या आसपास आहे. वाराच नसेल तर क्लास होत नाही. उरलेले तास पुढच्या खेपेला वापरता येतात. परतीचं तिकीट काढताना एक दिवस हाताशी ठेवा. पावसाळ्यात आम्ही शिकवत नाही.

किनारा आपला एकट्याचा नाही

रापण, म्हणजे मच्छीमारांचं किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू असेल तर थांबायचं. आपल्या दोऱ्या २०-२५ मीटर लांब असतात, ताणलेली दोरी सुरीसारखी कापते. तेंबवाड्याच्या बाजूला कासवं अंडी घालतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेच्या आसपास काइट उतरवायचा नाही. शापोरा नदीच्या मुखाकडे तर जाऊच नका, ओहोटीला तिथला प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढतो.

सामान

सगळं आमच्याकडे आहे. पोहता मात्र आलं पाहिजे. पूर्ण बाह्यांचा लायक्रा (पाण्यात घालायचा अंगाला चिकटणारा टी-शर्ट) आणि चष्मा असेल तर त्याला दोरी, एवढं आणा. ऑनलाइन स्वस्तात मिळतोय म्हणून जुना काइट घेऊन येऊ नका. १९८४ साली ब्रूनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी हवेच्या नळ्यांच्या काइटचं पेटंट घेतलं, त्यामुळे पाण्यात पडलेला काइट पुन्हा उठवता येऊ लागला. पण बार सोडल्यावर जोर जवळजवळ पूर्ण उतरावा ही सोय बऱ्याच नंतरची. जुन्या मालात ती नसते, आणि शिकताना नेमकी तीच लागते.

बुकिंग करताना वजन खरं सांगा. १४ नॉट वाऱ्यात ७५ किलोच्या माणसाला १२ चौरस मीटरचा काइट लागतो. ६० सांगितलंत तर आम्ही लहान काइट पंप करून ठेवू आणि तुम्ही दुपारभर कमरेएवढ्या पाण्यात बसून राहाल.