बाळ गमावल्यावर: रजा, नोंदणी आणि कागदपत्रं

डिस्चार्ज कार्डावर गर्भधारणेचे किती आठवडे पूर्ण झाले होते, हे लिहिलेलं असतं. किमान तसं असायला तरी हवं. ते नसेल तर हॉस्पिटलमधून निघण्याआधी लिहून घ्या, खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घ्या. पुढचं सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. मी आस्थापना विभागात रजेचे अर्ज तपासते. अशा प्रसंगातला अर्ज परत पाठवावा लागतो तो बहुतेक वेळा याच एका गोष्टीसाठी, आणि तो परत पाठवताना माझाच हात जड होतो.

म्हणून पहिली विनंती: ही धावपळ आईवर टाकू नका. नवरा, बहीण, दीर, कुणीतरी एकाने फाईल हातात घ्यावी. तिने फक्त सही करावी.

खासगी नोकरीत २६ आठवडे ही रेघ आहे. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर कायद्याच्या भाषेत तो गर्भपात, आणि त्या दिवसानंतर लगेच सहा आठवडे भरपगारी रजा मिळते. ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र हा मुख्य पुरावा.

रेघेपलीकडे बाळ मृत जन्मलं तर ती प्रसूतीच. कायद्याने ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलं आहे. त्यामुळे पूर्ण प्रसूती रजा लागू होते: २६ आठवडे, आणि आधीची दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२. अट एवढीच, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं. ‘बाळच नाही, मग मॅटर्निटी लीव्ह कसली?’ हा प्रश्न मी मीटिंगमध्ये ऐकलेला आहे. उत्तर वर दिलंय. बाळ जन्मून काही दिवसांनी गेलं म्हणूनही आईची चालू रजा तोडता येत नाही. गर्भपात किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर प्रमाणपत्रावर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा मिळते, आणि या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. कंपनी ऐकत नसेल तर कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करता येते.

एका शब्दाने मात्र फार घोळ होतो. आपोआप गर्भ गेला तरी डॉक्टर कागदावर ‘स्पॉन्टेनियस अबॉर्शन’ लिहितात. वैद्यकीय भाषेत ते बरोबरच आहे, पण कार्ड हातात आल्यावर बाईला वाटतं, मी काय पाडलं का? ऑफिसातही भुवया उंचावतात. ‘स्पॉन्टेनियस’ म्हणजे आपोआप. आणि कायदेशीर वैद्यकीय गर्भपात असला तरी रजा तेवढीच, सहा आठवडे. तेव्हा कारण खोदून विचारायची ऑफिसला गरजच नाही.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) वर्गणी कापली जात असेल, तर पैसे कंपनीकडून नाही, ईएसआयसीकडून येतात. गर्भपातासाठी तिथेही सहा आठवडेच. आधीच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत) मिळून ७० दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. खासगी दवाखान्यात उपचार झाले असले तरी कागद घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात लवकर जा.

केंद्र सरकारी कर्मचारी महिलेला गर्भपातासाठी संपूर्ण सेवेत मिळून ४५ दिवस मिळतात. शिवाय २ सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा आली. बाळ २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलं किंवा जन्मानंतर २८ दिवसांत गेलं, तर ती त्या तारखेपासून मिळते. हयात मुलं दोनपेक्षा कमी हवीत आणि प्रसूती सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात झालेली हवी. तातडीने दुसरीकडे न्यावं लागलं असेल तर तसं प्रमाणपत्र जोडा.

नोंदणीची रेघ वेगळी, २८ आठवड्यांची. त्यानंतरच्या मृतजन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटलमध्ये प्रसूती झाली असेल तर कळवणं हॉस्पिटलचं काम, घरी झाली असेल तर कुटुंबप्रमुखाचं. बाळाने जन्मल्यावर एक श्वास जरी घेतला असेल तर तो मृतजन्म नाही. मग जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी होतात. नाव ठेवलेलं नसलं तरी नोंद अडत नाही. आता या दोन रेघांमधली फट बघा: सत्ताविसाव्या आठवड्यात बाळ मृत जन्मलं तर रजेसाठी ती प्रसूती, पण नोंदणीच्या व्याख्येत ती बसत नाही. अशा वेळी ऑफिसने नोंदणीचा दाखला मागितला तर तो येणार कुठून? हॉस्पिटलचं प्रमाणपत्र द्या.

बाळाला घरी न्यायचं असेल, स्वतः निरोप द्यायचा असेल, तर ते वॉर्डात असतानाच सांगा, शक्यतो लेखी. फार लहान गर्भ हॉस्पिटलच्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचऱ्यात मोडतो, आणि नंतर विचारून उपयोग नसतो. हे वाचायला क्रूर आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत नाव घातलं होतं? गर्भपात किंवा मृतजन्म झाला तर पुढच्या गरोदरपणात नव्याने लाभार्थी म्हणून अर्ज करता येतो.

वडिलांसाठी खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. कंपनीच्या धोरणात शोकरजा असेल तर ती, नाहीतर साठवलेली रजा. ही उणीव मला दर वेळी खटकते. दोघांपैकी कुणालाही झोप लागत नसेल, घर नकोसं झालं असेल, तर टेली मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर कधीही बोलता येतं.

अर्जात कहाणी लिहायची नाही. ‘दि. अमुक रोजी, गर्भधारणेच्या अमुक आठवड्यात माझा गर्भपात झाला. वैद्यकीय प्रमाणपत्र व डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली आहे. नियमानुसार रजा मंजूर व्हावी.’ एवढ्यावर सही. मूळ कागद घरीच ठेवा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.