लगाम खेचल्याने घोडा उडी मारत नाही

डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली स्थापन केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमुळे नाशिककरांना घोडेस्वारी अपरिचित नाही. तरीही अडथळ्यांवरून घोडा उडवण्याच्या खेळात अडथळ्यापाशी लगाम वर खेचून स्वारच घोड्याला उचलतो, म्हणून या खेळाला दणकट हात लागतात, हा समज येथे अजूनही ऐकू येतो.

हा समज निराधार आहे. घोडा मागच्या पायांच्या जोरावर उडतो आणि तोल साधण्यासाठी हवेत मान पुढे ताणतो. त्या क्षणी लगाम ओढल्यास तोंडातील कडीचा झटका बसतो, पाठ ताठरते, मागचे पाय अडथळ्याच्या दांड्याला लागतात आणि अशा वेदनेचा अनुभव वारंवार आलेला घोडा पुढे अडथळ्यासमोर थांबू लागतो, ज्याचा दोष दुर्दैवाने त्याच्यावरच टाकला जातो. एकेकाळी घोडदळातही मागे रेलून लगाम धरण्याचीच शिकवण होती. इटलीचे घोडदळ अधिकारी फेदेरिको काप्रिली (१८६८–१९०७) यांनी ती मोडून, रिकिबीवर (खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवण्याच्या आधारावर) भार देत पुढे झुकण्याची आणि हात घोड्याच्या मानेबरोबर जाऊ देण्याची पद्धत रुजवली.

त्यामुळे नवशिक्याने प्रथम दुडक्या चालीत तोल साधावा, मग जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून घोडा न्यावा आणि सुरुवातीच्या बुटक्या उड्यांत आयाळ धरावी, म्हणजे तोल गेला तरी झटका घोड्याच्या तोंडाला बसत नाही. स्वतःचा घोडा आवश्यक नाही. अनुभवी, शांत घोडा मात्र हवाच, आणि हेल्मेटला पर्याय नाही.