बातमीवजा जाहिरात

बातमीवजा जाहिरात : पैसे घेऊन छापलेला, परंतु टंक, स्तंभाची रुंदी, मथळा व भाषा यांबाबत वृत्तपत्रातील नेहमीच्या मजकुरासारखा दिसणारा मजकूर. आज 'ॲडव्हर्टोरियल' हा शब्द रूढ आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी वृत्तपत्रव्यवसायात 'रीडिंग नोटिस' म्हणत. बातमीच विकत घेण्याचा प्रकार (पेड न्यूज) यापासून वेगळा मानतात, पण सीमारेषा पुसट आहे.

उगमाविषयी एकमत नाही. काही जण तो सतराव्या शतकातील लंडनच्या साप्ताहिकांपर्यंत मागे नेतात व १६५७ मधील कॉफीच्या जाहिरातीचा दाखला देतात. मात्र त्या काळी जाहिरातीला स्वतंत्र रूपच नव्हते. सगळा मजकूर जवळपास एकाच धाटणीने जुळवला जाई. तेव्हा नक्कल म्हणायची ती कशाची? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे बोट दाखवणारे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटिश नाटककार शेरिडनच्या 'द क्रिटिक' (१७७९) या नाटकातील मिस्टर पफ हे पात्र छुप्या स्तुतीचे पाच प्रकार सांगते. त्यांतला एक किश्श्याच्या रूपात येतो. फ्रान्समध्ये उघड जाहिरातीला 'आनाँस' आणि मजकुरात मिसळलेल्या स्तुतीला 'रेक्लाम' अशी वेगळी नावे पडली. १८३६ नंतर स्वस्त दैनिके जाहिरातींच्या उत्पन्नावर चालू लागली, त्या काळात हा प्रकार फोफावला.

अमेरिकेत पेटंट औषधांचे (नाममुद्रेने थेट ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या तयार औषधांचे) विक्रेते यात आघाडीवर होते. नमुना ठरलेला : एखाद्या आजारी गृहस्थाची हकीकत सुरू होते, शेजारीपाजारी आशा सोडतात, आणि औषधाचे नाव थेट शेवटच्या ओळीत येते. तोवर वाचक बातमीच वाचत असतो.

१९१२ च्या अमेरिकी कायद्याने सवलतीच्या टपालदराचा लाभ घेणाऱ्या नियतकालिकांना अशा मजकुरावर 'जाहिरात' असे स्पष्ट छापणे बंधनकारक केले. उल्लंघनास ५० ते ५०० डॉलर दंड होता. वृत्तपत्र स्वातंत्र्यावर घाला म्हणून त्याला आव्हान दिले गेले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९१३ मध्ये तो वैध ठरवला. निकालाचा भर टपालाच्या सवलतीवर होता, वाचकाच्या फसवणुकीवर तितका नव्हता, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. फसवणुकीचा मुद्दा फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारच्या व्यापार-नियामक आयोगाने पुढे आणला. उपाहारगृहांवरील लेखवजा जाहिरातींसंबंधी १९६८ मध्ये दिलेल्या मतात त्याने 'जाहिरात' हा शब्द ठळकपणे छापण्याची अपेक्षा व्यक्त केली. डिजिटल माध्यमांतील अशा मजकुराबाबतचे त्याचे धोरण डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले.