थारमधील ओरण आणि खडीन : पार्श्वभूमी

जैसलमेर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो, तरीही थार हे जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. त्याचे श्रेय सहसा तिथल्या टाक्यांना आणि विहिरींना दिले जाते. माझ्या मते मात्र या जीवनाचा खरा पाया सामाईक जमिनीत आहे.

पंधराव्या शतकापासून पालीवाल ब्राह्मणांनी रुजवलेली खडीन पद्धत याची साक्ष देते. खडकाळ उतारावरून धावणारे पावसाचे पाणी पायथ्याशी लांब मातीचा बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि पाणी ओसरल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर रब्बीचा गहू व हरभरा घ्यायचा, अशी ही रीत आहे. पाणलोटाचा उतार शेतापेक्षा अनेक पटींनी मोठा लागतो, म्हणजेच तो मोकळा राहिला तरच खालचे शेत पिकते.

पाऊस हुकला की घर तगते ते जनावरांवर, आणि जनावरे तगतात ओरण व गोचर (म्हणजे गावचे गायरान) यांवर. ओरण म्हणजे देवतेच्या नावे राखलेले रान, आपल्याकडील देवराईचे भावंड. तिथे कुऱ्हाड चालत नाही, पण गुरे, शेळ्या-मेंढ्या आणि उंट चरतात. खेजडीचा पाला चारा म्हणून, तर तिच्या शेंगा सांगरी म्हणून स्वयंपाकात येतात. ही खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमीच. जांभोजींनी १४८५ मध्ये स्थापन केलेल्या बिष्णोई पंथात हिरवे झाड तोडणे निषिद्ध असून, खेजडली गावात १७३० मध्ये या झाडांसाठी अमृतादेवींसह ३६३ जणांनी प्राण दिल्याचे सांगितले जाते.

स्वातंत्र्यानंतर यातील बरीच ओरणे महसुली दप्तरात सरकारी पडीक म्हणून राहिली, आणि पुढचे बहुतेक तंटे या एका शब्दातून उपजले आहेत. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या, आज इंदिरा गांधी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालव्याने पंजाबातील हरिके येथून सतलज-बियासचे पाणी आणले. त्यातून शेती आणि पिण्याचे पाणी मिळाले, हे नाकारता येणार नाही. पण जुनी चराऊ राने शेताखाली गेली आणि काही पट्ट्यांत जमीन पाणथळ व खारट झाली.

अलीकडे पवन आणि सौर प्रकल्पांसाठी याच ‘पडीक’ जमिनी पुढे येतात. थारमधीलच भडला सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॅट आहे. अशी वीज हवीच, पण जैसलमेरमधील देगराय ओरणासारखी राने तिच्या वाटेत येतात तेव्हा गुराख्यांचा चारा जातो आणि उच्चदाब तारांमुळे माळढोकही धोक्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी ओरणांची मोजणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश राजस्थान सरकारला दिले. त्यामुळे जमीन वाचेल, मात्र वनखात्याचे नियम लागू झाल्यावर चराईचा आणि सांगरी वेचण्याचा हक्क शाबूत राहील का, ही पशुपालकांची चिंता आहे.