‘चालवा, रिंगा बसल्या की सुटेल’: हे खरं नाही

सोलापुरात होटगी रोड असो की विजापूर रोड, इंजिनकाम करून आणलेल्या गाडीचा एक सिलिंडर मिस मारत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर एकच सल्ला मिळतो: ‘पाचशे किलोमीटर चालवा, रिंगा बसल्या की सुटेल.’

पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट बसायला वेळ लागतो, हे खरं. पण तोवर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जरा कमी असतं, सिलिंडर मरत नाही. उलट, न जळलेलं पेट्रोल बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या, भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि बसायच्या रिंगाच झिजतात. एवढा खर्च करून केलेलं काम असं वाया जाताना बघवत नाही.

आधी प्लग आणि कॉइल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करा. मिसिंग तिकडे गेलं तर दोष सापडला. नाही गेलं तर इंजेक्टर बघा आणि कॉम्प्रेशन गेज लावा. काटा जेमतेम हलला, तर नव्या कामात माझा पहिला संशय टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागावर: तिथे फटच ठेवली नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. इंजिन थंड असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. फट बरोबर असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगा-बोअरचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.