मोडायचं कुणी, हे आधीच ठरलेलं असतं

मागच्या उन्हाळ्यात करमाडच्या रानात नानांचा पलटी नांगर खडकाला अडला. नाना म्हणजे माझे चुलते. एरवी असं झालं की खट्‌कन आवाज येतो, फाळ मागं वळतो आणि नाना ट्रॅक्टर थांबवून खाली उतरतात. तुटलेला बोल्ट ठोकून काढायचा, नवा घालायचा, की नांगरट पुन्हा सुरू. त्या दिवशी बोल्ट तुटला नाही. ट्रॅक्टर जोरानं दचकला आणि नांगराची चौकटच वाकली.

कारण लगेच सापडलं. आठ दिवसांपूर्वी दुकानात ८.८ चा बोल्ट मिळाला नाही, म्हणून नानांनी १०.९ चा आणून बसवला होता. बोल्टच्या डोक्यावर कोरलेले हे आकडे त्याची ताकद सांगतात. ८.८ चा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंतची ओढ सोसतो, १०.९ चा १००० पर्यंत.

"जरा भारीतला घेतला, म्हनलं टिकंल," नाना म्हणाले. मग वाकलेल्या चौकटीवर हात ठेवून म्हणाले, "साधा तुटत व्हता तवर नांगर धड व्हता."

आम्ही चौकट ट्रॉलीत चढवत होतो, तेवढ्यात चाकं बाहेर काढलेलं एक विमान छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाकडं उतरत डोक्यावरून गेलं. नाना बराच वेळ तिकडं बघत राहिले. "आपलं ठीक हाय, खाली उतरून बोल्ट बदलतो. तिथं वर काही मोडलं तर कोन उतरनार?"

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, तरी हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं मला कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तरही नानांच्या हातातच होतं. विमान बनवणारे लोक हा भाग कधीच मोडणार नाही, असं धरून चालत नाहीत. मोडायची वेळ आली तर कोणी आधी मोडायचं आणि त्याच्या मागं कोणी उभं राहायचं, हे ते कागदावरच ठरवून टाकतात.

पंखाखाली टांगलेलं इंजिन घ्या. मोठ्या विमानाचं एक इंजिन काही टन वजनाचं असतं आणि पंखाच्या पोटात इंधन भरलेलं असतं. विमान जमिनीवर आपटलं किंवा इंजिनाला भलताच हिसका बसला, तर इंजिन पंखाला फाडून घेऊन जाऊ शकतं. म्हणून कित्येक विमानांत इंजिन ज्या पिनांवर टांगलेलं असतं त्या पिना मुद्दाम ठरावीक ताकदीच्या ठेवतात. त्यांना फ्यूज पिन म्हणतात. घरातल्या फ्यूजचाच अर्थ: भार हाताबाहेर गेला की आधी पिन तुटावी, इंजिन सुटून पडावं आणि इंधनाची टाकी शाबूत राहावी. मुख्य चाकांच्या जोडणीतही हाच विचार असतो. चाकाचा खांब उखडलाच तर त्यानं टाकी फोडून जाऊ नये.

नांगराच्या बोल्टसारखंच इथंही बळ अचूक लागतं. पिन जास्त मजबूत असेल तर पंख जातो. कमजोर झाली तर? ४ ऑक्टोबर १९९२ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेल्या एल अल कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात हेच घडलं. फ्यूज पिनेत धातूच्या थकव्यानं तडा वाढत गेला होता. विमान उडाल्यावर काही मिनिटांत ती तुटली, उजवीकडचं एक इंजिन सुटलं आणि जाता जाता शेजारच्या इंजिनालाही घेऊन गेलं. विमान शहराच्या वस्तीवर कोसळलं आणि ४३ माणसं गेली. त्यानंतर त्या पिनांची रचना आणि धातू बदलले गेले, इंजिनाच्या जोडणीला जादा आधार दिला गेला. मोडण्यासाठी ठेवलेल्या भागाची निगा न मोडणाऱ्या भागाइतकीच काटेकोर हवी, हे त्या दुर्घटनेनं शिकवलं. माझ्या मते विमानाच्या देखभालीतलं सगळ्यात अवघड काम हेच असावं.

चाकांकडं येऊ. नांगरापेक्षाही घरातला कुकर इथं जास्त कामाचा आहे. कुकरच्या झाकणावर शिट्टीशिवाय आणखी एक छोटा वॉल्व्ह असतो. शिट्टी तुंबली आणि आतली उष्णता वाढत गेली की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. झाकण उडण्यापेक्षा हे बरं. विमानाच्या चाकाच्या लोखंडी भासणाऱ्या, पण बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या घडणीत असेच फ्यूज प्लग बसवलेले असतात. प्रवासी विमानाच्या टायरमध्ये साधारण २०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबानं नायट्रोजन भरलेला असतो. आपल्या कारच्या टायरमध्ये तो तिशीच्या आसपास असतो. नायट्रोजनच का, तर तो जळायला मदत करत नाही आणि वरच्या थंडीत गोठेल अशी ओल त्यात नसते. उड्डाण ऐनवेळी रद्द करून पूर्ण वेगातलं विमान थांबवावं लागलं तर ब्रेक लाल होईपर्यंत तापतात, ती उष्णता चाकात शिरते आणि आतला दाब चढत जातो. अशा वेळी टायर फुटला तर तो सुरुंगासारखा फुटतो. त्याआधी प्लग वितळतो आणि नायट्रोजन सूं करत निघून जातो. टायर बसतो, पण माणसं आणि पंख सुखरूप राहतात.

नव्या विमानाची याबाबतची परीक्षा मला फार आवडते. विमान पूर्ण वजनानं भरतात, ब्रेक मुद्दाम झिजलेले लावतात, उड्डाणाच्या वेगापर्यंत पळवतात आणि फक्त ब्रेकवर थांबवतात. मग ५ मिनिटं अग्निशमन दलाला जवळ येऊ देत नाहीत, कारण खऱ्या प्रसंगात बंब पोचायला तेवढा वेळ लागू शकतो. चाकांतून धूर निघतो, कधी ज्वाळा दिसतात, प्लग एकेक करून उघडतात आणि टायर बसत जातात. त्या ५ मिनिटांत आग चाकांपुरती राहिली, तरच विमान पास.

आता हायड्रॉलिक. हा शब्द मराठवाड्यात शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. ट्रॉली उचलते, जेसीबीचा हात वळतो, ते तेलाच्या दाबावर. विमानाची चाकं, ब्रेक, पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या याच दाबावर चालतात. बहुतेक प्रवासी विमानांत तो ३००० पीएसआय असतो, बोइंग ७८७ मध्ये ५०००. जेसीबीचा होजपाइप फुटला की हात जागीच थांबतो, चालक खाली उतरून शहरात फोन लावतो. हवेत तसं चालत नाही, म्हणून एअरबस ए-३२० मध्ये तेलाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा आहेत. त्यांना हिरवी, निळी आणि पिवळी अशी नावं आहेत. एकीचं तेल दुसरीत जात नाही. एक गेली तर दोघी सांभाळतात.

पण तीन विहिरी एकाच बांधाला खणल्या तर दुष्काळात तिन्ही एकदमच आटतात. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची तबकडी हवेत फुटली. तिचे तुकडे शेपटीत घुसले आणि तिन्ही यंत्रणांच्या नळ्या तिथं जवळजवळ असल्यानं तिन्हींचं तेल वाहून गेलं. वैमानिकांच्या हातातलं चाक निरुपयोगी झालं. उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करून त्यांनी विमान वळवत वळवत अमेरिकेतल्या स्यू सिटीपर्यंत आणलं. उतरताना ते मोडलं, पण २९६ पैकी १८४ जण वाचले. त्यानंतर डीसी-१० च्या नळीत एक झडप आली. खाली तेल भसाभसा वाहायला लागलं की ती आपोआप बंद होते आणि वरचं तेल राखते. ठिबकच्या नळीचं टोक तुटलं तर बांधावरचा कॉक बंद करून बाकीची ओळ वाचवतात, तसंच.

तेल सगळंच गेलं तर चाकं बाहेर कशी येतात, हा प्रश्न माझे विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर ऐकून त्यांचा विश्वास बसत नाही. ती पडतात. चाकं आत धरून ठेवणारी कुलपं उघडायची सोय वेगळी ठेवलेली असते. कुलूप उघडलं की चाकं आपल्या वजनानं खाली येतात आणि जागेवर अडकतात. गुरुत्वाकर्षण कधी नादुरुस्त होत नाही, त्यामुळं शेवटचा भरवसा त्याच्यावर. १९८३ साली एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये किलो आणि पौंड यांच्या घोळानं इंधन कमी भरलं गेलं आणि ४१,००० फुटांवर असतानाच ते संपत आलं. थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. इंजिन नाही म्हणजे पंप नाही. तेव्हा विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा बाहेर आला, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर फिरू लागला आणि सुकाणू हलवण्यापुरता तेलाचा दाब मिळाला. चाकं वजनानं खाली आली. पुढचं चाक नीट अडकलं नाही आणि उतरताना दुमडलं, पण नाक घासत गेल्यानं विमान लवकर थांबलं. कॅनडातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर आतले सगळे ६९ जण जिवंत उतरले.

वैमानिकांच्या हातापाशीही हा विचार पोचलेला आहे. बोइंग ७३७ मध्ये दोघांच्या पुढची सुकाणूची चाकं आतून जोडलेली असतात. एकाच्या बाजूची ओढ कुठं अडकली तर दुसऱ्यानं पुरेसा जोर लावला की ती जोडणी सुटते आणि त्याच्या हाताशी निम्मं का होईना नियंत्रण राहतं. दोन बैलांपैकी एक अडून बसला, तर जू सैल करता आलं पाहिजे, एवढंच.

प्रवाशाच्या अगदी जवळ, खांद्याशी, असलेली गोष्ट मात्र क्वचित कुणाच्या लक्षात येते. खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला सुईएवढं छिद्र असतं. ३५,००० फुटांवर बाहेरची हवा जमिनीच्या जेमतेम पावपट दाबाची आणि शून्याखाली ५४ अंशांच्या आसपास असते. आत मात्र आपण साधारण ८,००० फुटांवर असल्याइतका दाब राखला जातो. या फरकानं विमानाचा फुगा सतत ताणलेला असतो. दर चौरस मीटरला साडेपाच टनांच्या आसपास रेटा, म्हणजे एका दारावर सात-आठ टन. बहुतेक दारं म्हणूनच बाटलीच्या बुचासारखी आतून चौकटीवर दाबून बसतात. उंचावर आत दाब भरलेला असताना कुणी माणूस ती उघडू शकत नाही. खिडकीत काचेचे थर असतात. सगळ्यात आतला आपल्या बोटांच्या ओरखड्यांसाठी, बाकी दोन दाबासाठी. ते छिद्र मधल्या थरात असतं. त्यामुळं आतला दाब मधून आरपार जाऊन बाहेरच्या थरावर टेकतो आणि रोजचं ओझं तोच वाहतो. मधला थर ताजातवाना, विनाभार थांबलेला असतो. बाहेरचा तडकलाच तर मधला ओझं उचलतो. कुणी थकायचं आणि कुणी राखीव राहायचं, हे एका सुईएवढ्या छिद्रानं ठरवलं आहे.

हे ज्ञान महागात पडलेलं आहे. १९५४ साली ब्रिटिश कॉमेट जेट विमानं जानेवारीत आणि एप्रिलमध्ये हवेतच फुटली. मग इंग्लंडमधल्या फार्नबरो इथं एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत बुडवून त्याच्या पोटात पुन्हा पुन्हा पाण्याचा दाब भरला आणि सोडला. खिडकीसारख्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांजवळ धातू थकला आणि तिथून चीर धावली. आजच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात, आणि चीर गेलीच तर पुढं अडावी म्हणून सांगाड्यात पट्ट्या बसवलेल्या असतात. दाब हवेतच गेला तर डोक्यावरचे मुखवटे खाली पडतात. त्यातला ऑक्सिजन बहुतेक विमानांत रासायनिक डब्यातून तयार होतो आणि १२ ते १५ मिनिटं पुरतो. वैमानिकाला विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणायला तेवढी मिनिटं पुरतात, आणि तिथं साधी हवा पुरेशी असते.

एक गोष्ट आमच्याच भागातली सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं. आत ११८ जण होते. धावपट्टीच्या टोकाबाहेर बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावीकडचं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग त्याला लागला. पुढं ते उच्च दाबाच्या तारांना धडकून कोसळलं आणि ५५ माणसं गेली. चौकशीत दोन कारणं ठरली: विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं गेलं, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक आवरली गेली नव्हती. त्यांत कुठलाही पंप नव्हता, पिन नव्हती, काच नव्हती. वर सांगितलेली यंत्रं त्या दिवशी आपापल्या जागी होती. कुणी मोडायचं हे ठरवणाऱ्यांना ट्रकपर्यंत पोचता आलं नव्हतं. यंत्राची सुरक्षा धावपट्टीच्या कुंपणापाशी संपत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. त्या दिवशी गेलेल्यांपैकी काहींचे आप्त अजून याच शहरात राहतात, म्हणून ते सांगताना माझा आवाज खाली येतो.

नानांची चौकट वेल्डिंगवाल्यानं गरम करून सरळ केली. नांगर या मोसमात नीट चालला, दोनदा बोल्ट तुटले. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये आता बोल्टची पिशवी असते. दुकानातून घेताना नाना चष्मा लावतात, एकेक बोल्ट उलटा करून डोक्यावरचा आकडा वाचतात आणि १०.९ चा निघाला की परत देतात.